टोपी ज्याच्या डोक्यावर

"टोपी कुठाय?"

मी कीबोर्डवरचे हात उचलले. नोकरीचा तिसरा दिवस होता. प्रश्न विचारणारे खैरनार सर एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन दारात उभे होते.

"कोणती टोपी, सर?"

"कोडला हात लावायचा तर टोपी घालायची. रियाजनं सांगितलं नाही तुला?"

समोरच्या टेबलावर सोल्डरिंगच्या सळईनं सर्किटला डाख देत बसलेला रियाज पठाण मान वर न करता म्हणाला, "सांगणार होतो. म्हटलं, आठवडाभर टिकू दे आधी. पहिल्याच दिवशी सांगितलं तर पळून जायची."

दाराशेजारच्या खिळ्याला एक पांढरी टोपी टांगलेली होती. पांढरी म्हणजे एके काळची. कुणीतरी पाहुणा विसरून गेला असेल, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

सरांनी नियम सांगितला. ज्याला प्रोग्रॅममध्ये काही बदलायचं असेल, त्यानं टोपी डोक्यावर घालायची. मग खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर बसायचं, कारण खरा कोड फक्त तिथेच असायचा. शेजारच्या वहीत तारीख, नाव, काय बदलायचं आणि का, हे लिहायचं. मग बदल करायचा, सेव्ह करायचा, टोपी काढायची, वहीत सही करायची.

"आणि तेवढ्यात दुसऱ्याला काही करायचं असेल तर?"

"त्यानं चहा प्यायचा."

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून आले होते. डोक्यावर टोपी घालून प्रोग्रॅम लिहिणं मला काही केल्या पटेना. मी ती खिळ्यावरून काढली आणि मॉनिटरच्या कोपऱ्यावर अडकवली. "अशी चालेल?"

सरांनी टोपी उचलली, झटकली, परत खिळ्याला लावली. "मॉनिटर कोड लिहीत नाही," ते म्हणाले आणि डबा ठेवायला आत गेले.

ही २०१७ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमचं ऑफिस नाशिकला दिंडोरी रोडवर, फवारणी पंपांच्या एका दुकानाच्या वर होतं. द्राक्षबागांमध्ये आमची यंत्रं लावलेली होती. रियाज ती बनवायचा. यंत्र तापमान मोजायचं, हवेतली आर्द्रता मोजायचं आणि पान किती तास ओलं राहिलं तेही मोजायचं. हे आकडे आमच्या प्रोग्रॅमकडे यायचे. पान जास्त वेळ ओलं राहिलं की त्यावर डावणी नावाची बुरशी धरते आणि बघता बघता घड खाऊन टाकते. धोका दिसला की प्रोग्रॅम बागवाल्याच्या फोनवर इशारा पाठवायचा. हा सगळा प्रोग्रॅम खैरनार सरांनी २००८ पासून लिहीत आणला होता.

त्या दिवशी मला जी बदलायची होती, ती ओळ क्रमांक २१४. तिथे लिहिलं होतं की पान चार तास ओलं राहिलं तर इशारा पाठवा. मी वाचलेल्या शोधनिबंधात त्या परिस्थितीसाठी सहा तास होते. चार कुठून आले, याबद्दल कोडमध्ये एक अक्षर नव्हतं.

"सर, हे चार का आहे?"

"चारच पाहिजे."

"पण शोधनिबंधात सहा आहे."

"बरोबर आहे त्यांचं."

"मग आपलं?"

"आपलंही बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मला उत्तर मिळालं नाही. टोपी न घातल्यामुळे बदलही करता आला नाही.

आमच्या मालकीण पगारे मॅडम. त्यांनी मला त्याच आठवड्यात बोलावून घेतलं. ऑक्टोबर छाटणीपासून बागांची संख्या दुप्पट होणार होती आणि पुण्याहून आणखी दोघं जण काम करणार होते. पुण्याच्या दोघांनी नाशिकच्या खिळ्यावरची टोपी कशी घालायची? म्हणून सगळा कोड वेबवरच्या एका सेवेत ठेवायचा होता. हल्ली सगळ्या टीम ठेवतात तसा. तिथे प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला आणि का केला याची नोंद राहते आणि जुनी कुठलीही अवस्था परत बघता येते.

"कोड हलवणं सोपं आहे तेजल," मॅडम म्हणाल्या. "खैरनारांचं अवघड आहे. हे झालं की मी मोकळा, सटाण्याला भावाकडे जातो, असं म्हणतात. ते गेले तर पहिल्याच हंगामात आपण तोंडावर पडू. त्या कोडमधलं काय कशासाठी आहे, ते त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तू कोड हलव. पण माणूस हलता कामा नये."

मी त्याच दुपारी सरांना शिकवायला बसले. खातं उघडलं. पासवर्ड ठरवताना त्यांनी मला तोंड फिरवायला लावलं. मग मी सांगितलं, की मूळ कोड एक असतो, प्रत्येकानं आपल्यासाठी त्याची एक शाखा काढायची, तिच्यावर काम करायचं आणि ते नीट झालं की मुळात मिसळायचं.

"म्हणजे खोड एक, आणि ज्याची त्याची फांदी," सर म्हणाले.

"हो."

"आणि वाईट निघाली फांदी तर?"

"छाटून टाकायची. खोडाला काही होत नाही."

"हे मला आधी सांगायचं ना. मघापासून इंग्रजीत घाबरवते आहेस."

रियाज लांबून ओरडला, "सर, तुम्हाला येईल हे. मला माझाच पासवर्ड आठवत नाहीये."

सर हसले. मला वाटलं, जमलं.

पुढच्या मंगळवारी मी खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवरचा सगळा कोड त्या सेवेत चढवला. एकाच वेळी, एकाच नोंदीत. तिच्यासोबत संदेश लिहावा लागतो. मी 'सुरुवात' असं लिहिलं. मग मोठ्या हौसेनं सरांना बोलावलं.

"हे बटण बघा. कुठल्याही फायलीवर दाबलं की प्रत्येक ओळीशेजारी ती कुणी लिहिली ते दिसतं."

"काय नाव आहे बटणाचं?"

"ब्लेम."

"ब्लेम? दोष?" त्यांनी चष्मा वर केला. "लिहिणाऱ्याला दोषी कशाला म्हणायचं?"

"सर, नुसतं नाव आहे ते." मी बटण दाबलं.

ओळ क्रमांक २१४ शेजारी दिसलं: तेजल गांगुर्डे, नऊ मिनिटांपूर्वी. सरांनी माउस हातात घेतला. ते वर गेले, खाली गेले, दुसरी फाइल उघडली. सगळीकडे तेच. तेजल गांगुर्डे, नऊ मिनिटांपूर्वी. मग दहा मिनिटांपूर्वी झालं.

"म्हणजे उद्या पुण्याच्या पोरांनी विचारलं, हे कुणी लिहिलं, तर हे तुझं नाव सांगणार."

"आत्ता तसं दिसतंय, कारण चढवलं मी…"

"अकरा हजार ओळी."

"अकरा हजार तीनशे बारा," मी म्हणाले. आकडा माझ्या तोंडातून सवयीनं गेला. अजूनही आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

सर उठले. खिळ्यावरची टोपी काढली, नीट घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ठेव. आता हिचं काम नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना फोन करून सांगितलं, की शनिवारी सामान न्यायला येतो, पगाराच्या हिशोबात तेवढेच दिवस धरा.

"तू काय केलंस माहीतये का?" रियाजनं मला समोर बसवून विचारलं. "माणसाच्या नऊ वर्षांवर स्वतःचं नाव टाकलंस. मी असतो तर हातातलं तापलेलं फेकून मारलं असतं."

"मुद्दाम केलं का मी?"

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

मी विचार करायला लागले. चूक दुरुस्त करता येण्यासारखी होती. त्या सेवेत जुन्या तारखेच्या, दुसऱ्याच्या नावाच्या नोंदीही घालता येतात. प्रत्येक वेळचा कोड आणि तो कुणी, कधी, का बदलला याची माहिती एवढंच लागतं. वहीची मला तेव्हा पहिल्यांदा खरी आठवण झाली.

"रियाज, या वहीच्या आधीच्या वह्या कुठे आहेत?"

लोखंडी कपाटात चौदा वह्या निघाल्या आणि बुटांच्या खोक्यात सीडी. सर दर महिन्याला कोडची एक प्रत सीडीवर काढून ठेवायचे. एकशे सहा सीडी होत्या, त्यातल्या नऊ वाचताच येईनात.

रियाज वही वाचायचा आणि मी टाइप करायचे. तो २०१३ ला आला होता, त्यामुळे सुरुवातीला त्याच्या काळातल्याच वह्या हसत हसत वाचत होता. "ऐक. 'रियाजनं टोपी घरी नेली. काम बंद.' दुसऱ्या दिवशी, 'टोपी आली. धुऊन आणली आहे. धुवायला कुणी सांगितलं होतं?'" प्रत्येक नोंदीत कारण होतं. कुठे एका ओळीचं, कुठे पानभर. मी 'सुरुवात' असा एक शब्द लिहून मोकळी झाले होते, आणि इथे एक माणूस नऊ वर्षं, पेनानं, तेच काम करत आला होता. तेसुद्धा माझ्याहून चांगलं.

"ही टोपी कधीपासून आहे पण?" मी विचारलं.

"मी आलो तेव्हा होतीच."

म्हणून मी मागे मागे गेले. २०१२ मध्ये टोपी होती. २०११ च्या वहीत, नोव्हेंबरच्या एका पानावर, सरांच्या अक्षरात तीन नोंदी एकाखाली एक होत्या.

'७ नोव्हेंबर. पान ओलं: ६ चे ४ केले. लिहिणारा हेमंत. सांगणारे मुरलीधर बोरस्ते, मोहाडी.'

'९ नोव्हेंबर. माझ्या घरच्या प्रतीवर तापमानाचं काम केलं होतं, ती फाइल इथे टाकली. तिच्यात ६ होते. हेमंतचे ४ पुसले गेले. मला कळलं नाही. हे आज १९ तारखेला लिहीत आहे. चूक माझी. खैरनार.'

'१९ नोव्हेंबर. परत ४ केले. आजपासून टोपी.'

रियाजनं ते पान दोनदा वाचलं. वही बंद करताना बोट आत तसंच ठेवलं.

बागवाल्यांच्या यादीत बोरस्ते यांचा नंबर होता. मी फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"काका, मी तेजल. दिंडोरी रोडच्या ऑफिसातून. द्राक्षाचं यंत्र…"

"चालू हाये यंत्र. कालच पुसलं."

"यंत्राचं नाही. मला २०११ चं विचारायचं होतं. चार तास तुम्ही सांगितले होते ना?"

"मीच सांगितले. का, बदलले का कोणी?" आवाज एकदम सावध झाला.

"नाही, नाही. चारच आहेत. पण चार का?"

"ताई, तुमचं यंत्र कुठं बांधेल असतं? मांडवाच्या वर, तारेला. तिथं ऊन, वारा. ते वाळून जातं चार तासात. अन पानं असत्यात खाली, गचपणात. ती सहा तास ओलीच. हात लावून पाहायचं ना. मी पाह्यलं, अन सांगितलं खैरनारांना."

मी डोळे मिटून घेतले. म्हणजे शोधनिबंधातले सहा बरोबर होते, कारण ते पानाचे होते. आमचे चार बरोबर होते, कारण ते यंत्राचे होते. भौतिकशास्त्रात मोजण्याचं उपकरण कुठे ठेवलंय हे पहिल्यांदा विचारावं, असं मला पाच वर्षं शिकवलं होतं.

"मग नोव्हेंबरात काय झालं, काका?"

"पाऊस झाला. बेमोसमी. म्हटलं, यंत्र सांगेल, तवा फवारू. यंत्र काही बोललंच नाही. पाचव्या दिवशी घडावर पांढरं दिसलं. एका एकराचा माल गेला माझा. मी आलो तावातावानं तुमच्या हापिसात. खैरनार खाली बघत सांगायला लागले, की एकाचं लिहिलेलं दुसऱ्यानं पुसलं, माझ्याच हातनं पुसलं गेलं. खोटं सांगता आलं असतं त्यांना. यंत्र बिघडलं म्हटले असते तर मला काय कळणार व्हतं? मग मला काही बोलवेना."

"मग टोपी?"

"आमच्या पाटाच्या पाण्याला पाळी असती, ताई. ज्याची पाळी त्यानंच दार उघडायचं, दुसऱ्यानं फावडं लावायचं नाही. मी म्हटलं, तुमच्यात तसं काही नाही का? ते म्हटले, नाही. मग डोक्यावरची काढली अन टेबलावर ठेवली. म्हटलं, ही ज्याच्या डोक्यावर, त्याची पाळी. हाये का अजून?"

"आहे."

"असू द्या. मला दुसऱ्या हायेत."

फोन ठेवण्याआधी मी विचारलं, की त्या ओळीला त्यांचं नाव लावलं तर चालेल का. कॉम्प्युटरमध्ये आपलं नाव जाणार म्हणून ते बरेच हसले. मग म्हणाले, "लावा. पण खैरनारांचं वर टाका."

शनिवारपर्यंत तीन दिवस होते. मी आधीची एका नोंदीची जागा काढून टाकली आणि नवी उघडली. एकेक सीडी, तिच्या तारखेनं, वहीतल्या नावानं, वहीतल्याच शब्दांत; दोन सीडींच्या मधले बदल वहीवरून हातानं. तेव्हा सरांबरोबर कोड लिहिणारा हेमंत २०१२ ला नोकरी सोडून बंगळूरला गेला होता. त्याला ईमेल करून नोंदीत घालायला त्याचं पूर्ण नाव विचारलं. उत्तरात नावाखाली त्यानं एवढंच विचारलं, 'टोपी अजून आहे?'

९ नोव्हेंबरच्या नोंदीशी मी थांबले. 'चूक माझी' घालायचं का? हे पुण्याच्यांना दिसणार होतं, पुढे येणाऱ्या प्रत्येकाला दिसणार होतं. रियाज म्हणाला, गाळ. मी हो म्हणाले. मग चहा पिऊन आले आणि ते जसंच्या तसं टाइप केलं. मोजलेला आकडा नको वाटला म्हणून गाळायचा नसतो.

शनिवारी सर अकराला आले. हातात रिकामी पिशवी होती. ते सरळ आपल्या खणाकडे निघाले.

"सर, पाच मिनिटं."

"मॅडमना भेटून जाणारच आहे मी."

"पाच मिनिटं फक्त. मग जा."

मी ओळ क्रमांक २१४ उघडली आणि ब्लेम दाबलं. मग त्या ओळीचा सगळा इतिहास. सर वाचत होते. वाचताना त्यांचे ओठ हलायचे, म्हणून कुठपर्यंत आले ते मला कळत होतं. ९ नोव्हेंबरला ओठ थांबले.

"हेही घातलंस?"

"काढू?"

"नको." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, तिचे बंद सरळ केले. "मंगळवारी मी निघून गेलो ना, तेव्हा तुला काय वाटलं?"

"तुमचं नाव मी खाल्लं, म्हणून राग आला."

"नावाचं काय करायचंय? नाव आधार कार्डावर आहे." मग म्हणाले, "ती ओळ तुझ्या नावावर दिसत होती. तिच्या पोटात माझी चूक आहे, आणि शेजारी नाव तुझं. दोष म्हणून. आधी क्षणभर बरं वाटलं मला, की चला, गेली एकदाची पुसून. तेच सहन झालं नाही. तू दोन हजार अकराला काय करत होतीस?"

"बारावीला होते."

"बघ."

रियाज उगाचच पंख्याच्या बटणाशी खटपट करत होता.

"यात टोपी कुठं बसते?" सरांनी विचारलं. "दोघांनी एकच ओळ बदलली तर?"

"एकाचं मिसळलं की दुसऱ्याला अडवतं. दोन्ही समोर मांडतं आणि विचारतं, यातलं कुठलं ठेवू. गुपचूप काही पुसलं जात नाही. आणि आपण नियम लावलाय, की दुसऱ्या कुणीतरी वाचून मंजूर केल्याशिवाय बदल खोडाला लागणार नाही."

"हे सगळं दोन हजार अकराला होतं?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. "होतं, सर."

त्यांनी मान हलवली. "आम्हाला ठाऊक नव्हतं."

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले. आपली शाखा काढली. २१४ च्या वर मराठीत एक ओळ घातली: 'यंत्र मांडवावर असतं, पान खाली असतं. यंत्राचे चार म्हणजे पानाचे सहा. बदलण्याआधी बागेत जाऊन हात लावून पाहा.' संदेशाच्या जागी कारण लिहिलं: 'एका नव्या मुलीनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं नाही.' आणि मंजुरीसाठी माझ्याकडे पाठवलं.

"सोमवारी पुण्याच्या पोरांना फोन लाव," ते म्हणाले. "आधी ह्या नोंदी वाचायला सांगू. मग हात लावू देत."

मी बदल वाचला. मंजुरीच्या बटणावर माउस नेला.

"थांब," सर म्हणाले.

टोपी मंगळवारपासून माझ्याच टेबलावर घडी केलेली पडली होती. त्यांनी ती उचलली, उलगडली, आत फुंकर मारली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. बोरस्त्यांचं डोकं मोठं असणार. टोपी थेट कानांवर आली. रियाजनं फोन काढून फोटो घेतला, तो अजून त्याच्याकडे आहे.

"आता दाब," सर म्हणाले.

मी टोपी एका हातानं वर धरली आणि बटण दाबलं.